पथकाची परिभाषा आणि मावळची बोली

स्काउट-गाईडच्या कामात आयुष्य घातलेल्या मंडळींत एक मत पक्के रुजलेले आहे. चळवळ देशभर एक, गणवेश एक, वचन एक. तेव्हा परिभाषाही एकच असली पाहिजे. ती एक ठेवायची तर पुस्तिकेत एक तर इंग्रजी शब्द जसेच्या तसे ठेवावेत, नाहीतर वरून ठरून आलेले संस्कृत वळणाचे शब्द घ्यावेत. भोर आणि वेल्हे तालुक्यांतले पोर घरी-रानात ज्या शब्दांनी डोंगर, दोर, जाळ आणि पाऊस ओळखते, ते शब्द बोलीतले. त्यांना शिबिरात नि चाचणीत जागा नाही. लेखनशैलीबद्दलही तेच. पुस्तिका भारदस्त वाटावी म्हणून ती परिपत्रकाच्या धाटणीत लिहायची. मला ही दोन्ही मते चुकीची वाटतात, आणि ती का चुकीची आहेत हे या मावळच्याच आधाराने दाखवता येते.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. भारतात ही चळवळ एका घरात वाढलेली नाही. १९०९ साली बंगळुरूला पहिले पथक निघाले ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेत वेगळी संघटना उभी केली. १९१८ मध्ये अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काउट संघटना काढली. पुढे १९३७ मध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी काढलेल्या उद्गारांनी संताप उसळला, कुंझरू-वाजपेयींनी निराळी वाट धरली आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन अस्तित्वात आली. हे सगळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ या एका नावाखाली आले. मुलींची गाईड संघटना १५ ऑगस्ट १९५१ रोजी त्यात सामील झाली. इतक्या फाटाफुटीनंतर हाती आलेल्या एकीला जपावे, शब्दांनीसुद्धा तिला तडा जाऊ देऊ नये, असे जुन्या कार्यकर्त्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

त्यांचे व्यवहारी मुद्देही खरे आहेत. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्यपुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार ही चढण भोरच्या मुलाला आणि भंडाऱ्याच्या मुलीला सारखीच. राज्य मेळाव्यात दोघे एका तंबूशेजारी आले तर एकमेकांचे कळायला हवे. चाचणी घेणारा परगावचा असतो. त्याने प्रत्येक खोऱ्याची बोली कुठून शिकावी? शिवाय एकाच वस्तूला या ओढ्याच्या अल्याड एक नाव आणि पल्याड दुसरे. यातले कोणते छापायचे? आणि मुलाने शाळेत यायचे ते घरचेच शब्द पुन्हा ऐकायला काय?

यावर कळस म्हणून एक दाखला दिला जातो, आणि वेल्ह्यात तो अधिकच अभिमानाने दिला जातो. २०२४ मध्ये या तालुक्याला राजगड हे नाव द्यायचे ठरले. त्या राजगडावरून वीस-पंचवीस वर्षे कारभार करणाऱ्या शिवाजी महाराजांनीच राज्यव्यवहारकोश करवून घेतला. प्रचारातले फारसी शब्द बाजूला सारून संस्कृत शब्द ठरवून दिले. महाराजांनी परिभाषा वरून घडवली, मग आपण का घडवू नये?

मी या दाखल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो नीट वाचला तर उलट बाजूला जातो.

राज्यव्यवहारकोश राज्याभिषेकानंतरच्या काळातला. त्यात राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे एकूण दहा वर्ग आहेत. त्यातले काय टिकले आणि काय टिकले नाही, हे पाहिले पाहिजे. अष्टप्रधानांची नावे टिकली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. भोरकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले आणि त्यांच्या वंशजांनी, पंतसचिवांनी, हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चालवले. भोरचे राजघराणेच मुळी त्या नामांतराचे नाव लावून जगले. पण मुख्य प्रधान हे नाव ठरवूनही लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च राहिला, तोही थेट १८१८ पर्यंत.

आता दुर्गवर्गाकडे पाहा. कोशकाराने किल्ल्यासाठी वेगळा वर्ग केला, म्हणजे त्या विषयाची हेळसांड झाली असे म्हणता येत नाही. तरी आज राजगडावर जाणारा माणूस पाली दरवाजाने चढतो, गुंजवणे दरवाजाने उतरतो, अळू दरवाजा पाहतो. तोरण्यावर बिनी दरवाजा आणि कोठी दरवाजा ओलांडतो. दरवाजा फारसी, बुरूज परका, किल्ला परका. त्यांच्याच शेजारी माची, नेढे, टाके, कडा हे अस्सल देशी शब्द गुण्यागोविंदाने नांदतात. सुवेळा माचीवरच्या नेढ्याला कोणी शास्त्रीपंडिताने नाव दिलेले नाही. सुईला असते ते नेढे. कातळाला आरपार भोक दिसले तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून तोच शब्द बाहेर पडला. रामचंद्रपंतांची आज्ञापत्रे अठराव्या शतकाच्या आरंभीची मानतात. कोश होऊन तेव्हा चाळीसेक वर्षे उलटली होती, आणि लिहिणारा स्वतः ‘अमात्य’ हे नव्याने घडवलेले बिरुद लावणारा. तरी गडाच्या बंदोबस्ताविषयी लिहिताना तो हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस हेच शब्द वापरतो. ज्याला तटावर पहारा द्यायचा आहे त्याला कळले पाहिजे, एवढीच त्याची कसोटी.

यातून माझा मूळ मुद्दा निघतो. पदांची नावे वरून ठरवता येतात. कामाची नावे काम करणाऱ्यांकडून यावी लागतात. सोपान, संघनायक, राज्यपुरस्कार हे शब्द पदांचे आणि पायऱ्यांचे आहेत. ते एकच असावेत आणि सगळीकडे तेच असावेत, याला माझी पूर्ण मान्यता आहे. पण गाठ मारणे, आग पेटवणे, वाट काढणे, माग ओळखणे, जखमी माणूस उचलणे ही कामे आहेत, आणि स्काउटिंगचा गाभा या कामांत आहे. पूर्वपक्षाची गफलत अशी की पदांना लागू होणारा नियम त्याने कामांनाही लावला.

चळवळीच्या संस्थापकाने तरी काय केले? बेडन-पॉवेल यांचे ‘एड्स टू स्काउटिंग’ हे १८९९ चे पुस्तक सैनिकांसाठी होते. मुले ते वाचू लागली आहेत हे कळल्यावर त्यांनी विषय तोच ठेवून मांडणी पार बदलली. १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर घेऊन पाहिले, आणि १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ पंधरवड्याच्या अंकांतून निघू लागले. त्यातल्या प्रकरणांना त्यांनी शेकोटीभोवतीच्या गप्पांचे रूप दिले. मुलाशी समोरासमोर बोलल्यासारखी वाक्ये, गोष्टी, खेळ. सैनिकी पुस्तकातून चळवळ उभी राहिली नाही. बोलक्या पुस्तकातून राहिली. सामग्री बहुतांशी जुनीच होती, बदलली होती ती शैली. म्हणून शैलीचा प्रश्न मला वरवरचा वाटत नाही.

शब्दांच्या बाबतीतही हा माणूस कधी सोवळ्यात राहिला नाही. जिथे गेला तिथले शब्द आणि रीती त्याने उचलल्या. कब पथकाचे सगळे विश्व किपलिंगच्या जंगल बुकातले, म्हणजे आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या रानातले. ‘गाईड’ हे नाव वायव्य सरहद्दीवरच्या ‘कोअर ऑफ गाईड्स’ या हिंदी पलटणीवरून घेतलेले. प्रशिक्षणाच्या मण्यांमागे झुलू राजाच्या माळेची कथा, डाव्या हाताच्या हस्तांदोलनामागे आफ्रिकेतल्या अशांती लोकांची. आणि चळवळ भारतात आली तेव्हा तिनेही हेच केले. विलायतेतल्या लहान गाईड मुली ‘ब्राउनी’. ते तिकडच्या लोककथेतल्या घरगुती बुटक्यांचे नाव. आपल्याकडे त्या बुलबुल झाल्या. भोरच्या कोणत्याही शाळेच्या कुंपणावर सकाळी लालबुड्या बुलबुल बोलतो. त्या मुलीला नाव समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या पथकांतले जे शब्द खरोखर मुलांच्या तोंडी बसले, तेही पाहावेत. विलायतेत १९४९ पासून मुले शेजाऱ्यांची लहानसहान कामे करून शिलिंग मिळवत. त्या उपक्रमाच्या नावात शिलिंग होता. आपल्याकडे तो ‘खरी कमाई’ झाला. आज खेड्यातल्या आईलाही कळते की पोरगे भेळेचा गाडा लावून बसले आहे ते खऱ्या कमाईसाठी. ‘बिनभांड्याचा स्वयंपाक’ हा असाच अव्वल शब्द. त्यात कृती आहे, अट आहे, थोडी गंमत आहे. ऐकताक्षणी पोर विचारते, मग भाकरी कशावर भाजायची? ‘शेकोटी’ला तर पर्याय सुचवण्याचे धाडस कोणी केले नाही. पुस्तिकेतले दुसरे कितीएक शब्द पाठ करावे लागतात आणि चाचणी संपली की विसरले जातात. यांचे तसे होत नाही.

इथे पूर्वपक्षाचा मेळाव्याचा मुद्दा येतो. भोरच्या मुलाचे भंडाऱ्याच्या मुलीला कळावे कसे? याचे उत्तर चळवळीने स्वतःच शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. ज्या गोष्टी जगभर एकच हव्यात, त्या तिने शब्दांवर सोपवल्याच नाहीत. तीन बोटांची सलामी, डाव्या हाताचे हस्तांदोलन, शिट्टीचे इशारे, मागाच्या खुणा. जमिनीवर काठ्यांचा बाण दिसला की इकडे जा, फुली दिसली की इकडे जाऊ नका, वर्तुळात ठिपका दिसला की आम्ही घरी गेलो. ही खूण वाचायला मराठीही लागत नाही आणि इंग्रजीही. एकरूपतेची गरज अशी भागलेली असताना तिच्या नावाने गाठींची आणि डोंगरांची घरगुती नावे पुसायची काही गरज उरत नाही. उलट मेळाव्यात दोन मुलांनी एकाच गाठीची दोन नावे एकमेकांना सांगितली, तर दोघेही एक शब्द जास्त घेऊन घरी जातील.

एका चाचणी शिबिरात मी शेजारी उभा होतो. वेल्ह्याकडच्या वाडीतली मुलगी, आठवीत असावी. समोर लाठी आडवी बांधलेली, हातात दोर. एक वेढा लाठीभोवती, दुसरा पहिल्याला तिरका छेद देऊन, टोक दुसऱ्या वेढ्याखालून काढून एक हिसका. श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही. परीक्षकांनी नाव विचारले. ती म्हणाली, “सर, ही खुंट्याची. म्हशीला बांधतो ती.” हे नाव त्यांच्या कागदावर नव्हते. त्यांना ‘क्लोव्ह हिच’ हवे होते. मी न राहवून तिला विचारले की ही गाठ कधी दगा देते का. तिने जे सांगितले ते त्या कागदावर कुठेच नव्हते. घायपाताचे दावे पावसात भिजले की फुगते आणि गाठ इतकी आवळते की सकाळी सोडताना नखे दुखतात. नायलॉनचा दोर असेल तर उलट, तो गुळगुळीत. म्हैस फिरत राहिली की गाठ सरकते, म्हणून टोकाला आणखी एक अढी मारावी लागते. दोराची जात, ओलावा, ताण, सरकणे, सगळे तिला ठाऊक होते. ते ज्ञान तिच्याकडे ‘खुंट्याची’ या नावाला चिकटून आले होते. नाव गुणांच्या रकान्यातून उडाले की त्याला चिकटलेले ज्ञानही परीक्षेच्या दृष्टीने उडाले. दोष त्या परीक्षकांचा नाही. त्यांना दिलेल्या कागदात एकाच नावाला जागा होती.

डोंगराच्या बाबतीत तर हे नुकसान फार मोठे आहे. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे. या भागाची जुनी विभागणीच डोंगर आणि नद्यांनी केलेली. इथल्या माणसाला डोंगर म्हणजे एक ढीग दिसत नाही, त्याची अंगे दिसतात. खाली उतरत आलेली सोंड. दोन्ही बाजूंनी उतार असलेली अरुंद धार. दोन उंचवट्यांमधली खिंड. कोकणाच्या बाजूला कड्यात चिरलेली, दगडगोट्यांनी भरलेली नाळ. पाय ठरत नाही असा घसारा. उघडा कातळ, त्यापलीकडे सडा. आणि डोंगराच्या कमरेला मध्येच सपाट झालेला पट्टा, तो पदर. पाणी, झाडी, धनगरवाडा बहुधा पदरावर सापडतो. नकाशावाचनाच्या धड्यात यांतल्या निम्म्या गोष्टींना ‘उतार’ आणि उरलेल्यांना ‘दरी’ असे दोन शब्द येतात. मग मुलाला समोच्च रेषा कळतात, पण त्या रेषांनी दाखवलेली जागा ओळखू येत नाही.

याचा परिणाम प्रत्यक्ष किती होतो, पाहा. आषाढात केळदच्या बाजूला मढे घाटाच्या माथ्यावर धुके उतरले आहे, दहा हातांवरचे दिसत नाही. संघनायकाने संघाला सांगायचे आहे. तो जर म्हणाला, “पदर धरून चला, नाळेत उतरू नका,” तर सहा शब्दांत सहा जणांचा जीव राखला जातो. पदर धरला की उंची बदलत नाही, वस्ती लागते. नाळेत उतरले की पाण्याच्या लोंढ्यात सापडायचे किंवा खाली तुटलेल्या कड्यावर यायचे. हीच सूचना ‘उतार’ आणि ‘दरी’ या शब्दांत सांगून पाहावी. तीन वाक्ये होतात आणि तरी कुठे वळायचे ते कळत नाही. ज्या शब्दांनी अचूकता वाढते ते शास्त्रीय, अशी माझी समजूत आहे. या कसोटीवर पदर आणि नाळ हे भूगोलाच्या पुस्तकातल्या शब्दांहून अधिक शास्त्रीय ठरतात.

आता शैली. आपल्या प्रशिक्षण-पत्रकांत सर्रास आढळते त्या धाटणीचे एक वाक्य घेतो: ‘सर्पदंश झाल्यास बाधित अवयवाची हालचाल होणार नाही याची दक्षता घेण्यात यावी व रुग्णास तातडीने आरोग्य केंद्रात हलविण्याची व्यवस्था करण्यात यावी.’ व्याकरण शुद्ध, शब्द प्रमाण. पण दक्षता कोणी घ्यायची? व्यवस्था कोणी करायची? वाक्यात माणूसच नाही. परिपत्रकात तो नसतो, कारण तिथे जबाबदारी कार्यालयाची असते. पथकाचे तसे नाही. संघपद्धती म्हणजे सहा-आठ मुलांचा गट, आणि त्यात प्रत्येकाला नेमून दिलेले काम. कर्ता गाळलेले वाक्य या पद्धतीच्या मुळावरच येते. तीच सूचना अशी लिहावी:

घोणस, फुरसे, मण्यार किंवा नाग चावला तर घाबरलेल्या माणसाला आधी खाली बसव. त्याला चालू देऊ नकोस. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैलसर बांध. जखम कापू नकोस, चोखू नकोस, वर दोरी आवळू नकोस. अंगठी, जोडवी, बांगड्या, करदोटा काढून घे. सूज आली की निघणार नाहीत. एकाने १०८ ला फोन करायचा, दोघांनी घोंगडीची झोळी करायची. झोळीच्या पुढे वाट दाखवणारा चालेल.

यात नवी माहितीही जास्त आली आणि शब्दही ओळखीचे राहिले. ‘बाधित अवयव’ म्हटल्यावर जोडवी आठवत नाहीत. पाय म्हटल्यावर आठवतात. ‘तू’ वापरल्याने मुलाचा मान कमी होतो, असे काही जण म्हणतात. आपल्याकडे आई, आजी, दादा सगळे मुलाला ‘तू’च म्हणतात, आणि जीव धोक्यात असताना तर हटकून. मुलाला कर्ता करणे हा त्याचा मानच आहे.

सेवेचा विचार केला तर हा प्रश्न पथकाच्या बाहेरही जातो. वरंधा घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो. घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळिये गावावर जुलै २०२१ मध्ये दरड आली आणि वाडीच गाडली गेली. अशा भागातल्या स्काउट-गाईडांनी गावात जाऊन काय सांगायचे? ‘भूस्खलनप्रवण क्षेत्रात वास्तव्य टाळावे’ असे? की डोंगराला नवी भेग पडली, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, झाडे नि खांब कलले, तर दरड येऊ शकते, रात्र असली तरी घर सोडा, असे? दुसरे सांगणे ऐकून आजी उठेल. पहिले ऐकून ती ‘साहेबांचे काही आहे’ म्हणून पडून राहील. ज्यांची सेवा करायची त्यांच्या भाषेत बोलता येणे, हा सेवेच्या शिक्षणाचाच भाग आहे. तो पुस्तिकेने मुलाकडून काढून घेऊ नये.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मी मोकळ्या मनाने मान्य करतो. बोली खोऱ्याखोऱ्याने बदलते, आणि काही ठिकाणी हा बदल घातक ठरू शकतो. सापांची नावे त्यांतली. एकाच नावाने दोन गावे दोन वेगळे साप ओळखत असतील, आणि डॉक्टरांना चुकीचे नाव सांगितले गेले, तर घोळ होईल. औषधे, विषारी वनस्पती, साप, यांना राज्यभर एक प्रमाण नाव आणि सोबत ठळक चित्र हवेच, आणि ते प्रत्येक मुलाला यायलाच हवे. पण हा अपवाद का मान्य करायचा, याचे कारणही कामातूनच येते. जिथे एकच शब्द असण्याने जीव वाचतो तिथे एकच शब्द असू द्या. जिथे स्थानिक शब्दाने जीव वाचतो तिथे तो असू द्या. भारदस्तपणासाठी शब्द निवडू नये, एवढेच माझे म्हणणे.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझे जमत नाही. स्काउट, गाईड, कब, स्कार्फ हे सगळे परके शब्द हाकलून जुने ‘बालवीर’, ‘वीरबाला’ परत आणा, असे ती म्हणतात. स्काउट आणि गाईड हे शब्द आज वाडीवरच्या शाळेतही रुळलेले आहेत. राजगडाच्या दरवाजासारखे ते आता आपलेच आहेत. त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

‘शाळेत घरचेच शब्द कशाला’ हा प्रश्न मात्र मला खटकतो. घरचा शब्द घेऊन आलेले मूल वर्गात तो शब्द लपवायला शिकले, की ते त्या शब्दामागची माणसेही लपवायला शिकते. ज्या आज्याला घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा ते ठाऊक आहे, त्याला विचारायला ते जात नाही. प्रमाण शब्द अवश्य शिकवावा, घरच्या शब्दाच्या जोडीला. ओळखीच्या वस्तूचे दुसरे नाव मुले झटकन उचलतात; अनोळखी नावाची अनोळखी वस्तू घोकूनही राहत नाही.

हे काम करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही, पण उशीर करून चालणार नाही. या दोन तालुक्यांत भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी धरणे झाली. गावे पाण्याखाली गेली, लोक पांगले, आणि खाचरांची, डोहांची, पायवाटांची नावे त्यांच्याबरोबर विखुरली. घायपाताचा दोर वळणारे हात कमी होत आहेत. जो शब्द आज सत्तरीच्या माणसाला विचारता येतो तो दहा वर्षांनी विचारता येईलच असे नाही.

म्हणून प्रत्येक पथकाने आपल्या खोऱ्याची एक वही करावी. गाठी, आग, डोंगराची अंगे आणि पाऊस, हे चार विषय आधी घ्यावेत, कारण शिबिरात रोज गरज पडते ती यांचीच. डाव्या बाजूला गावचा शब्द आणि तो सांगणाऱ्या माणसाचे गाव, उजव्या बाजूला पुस्तिकेतला शब्द, मध्ये मुलांनी काढलेले चित्र. शब्द गोळा करणे संघांकडे द्यावे. एका संघाने गुराख्यांकडे जावे, दुसऱ्याने सुईणी नि म्हाताऱ्या बायकांकडे, तिसऱ्याने लाकूडफाटा आणणाऱ्यांकडे. दोन खोऱ्यांच्या वह्या वर्षातून एकदा एकत्र बसवून ताडून पाहाव्यात आणि सापांच्या नावांसारख्या धोक्याच्या जागी डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. चाचणीच्या कागदावर नावाच्या रकान्यात दोन ओळी असाव्यात, आणि मुलाने कोणतीही एक भरली तरी पूर्ण गुण द्यावेत. बाहेरगावच्या परीक्षकांना त्या पथकाची वही आदल्या संध्याकाळी वाचायला मिळावी.